तोंड धुऊन या

शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवून ममता घरी आली तेव्हा तिच्या अंगणात तिघं जण खर्रा घोटत बसले होते. मधे खाटेवर भीमराज, तिचा नवरा. नागपूरच्या दवाखान्यातून त्याला घरी आणून आठवडासुद्धा झाला नव्हता. अर्धी जीभ आणि डाव्या जबड्याचा तुकडा तो तिकडंच ठेवून आला होता. नाकात नळी, गळ्यापासून कानापर्यंत टाक्यांची ओळ, आणि ओठाच्या कोपऱ्यातून सुटणारी लाळ टिपायला खांद्यावर टॉवेल. धरमसिंग सुपारी-तंबाखू-चुन्याची पन्नी तळहातावर ठेवून अंगठ्यानं रगडत होता आणि भीमराज त्या अंगठ्याकडं एकटक बघत होता.

ममता दारातच थांबली. हातातला डबा तिनं ओट्यावर ठेवला. तिचा आवाज मुळीच चढला नाही, आणि तिला ओळखणाऱ्या कुणालाही यातूनच काय ते कळलं असतं.

"उठा," ती म्हणाली.

धरमसिंग भीमराजचा सेंट्रिंगच्या कामावरचा जुना जोडीदार. तो हसला. गाल फुगलेला, त्यामुळे हसणं एकाच बाजूनं झालं. त्यानं मान वर करून, पिंक सांभाळत सांगितलं की भीमराजला एकट्याला करमत नाही म्हणून ते आले, दोस्त दिसले की त्याला बरं वाटतं, वहिनीनं उगाच वाईट वाटून घेऊ नये.

"आधी थुका. मंग बोला."

धरमसिंगनं इकडंतिकडं बघितलं आणि सदाफुलीच्या बुडाशी पिंक टाकली. लाल शिंतोडे खाटेच्या पायावर उडाले. मग मात्र ममतानं नळाखालची भरलेली बादली उचलली आणि ओतली. अर्धं पाणी सदाफुलीवर गेलं, अर्धं धरमसिंगच्या पँटवर. बाकीचे दोघं चपला हातात घेऊनच फाटकाबाहेर गेले. धरमसिंग मात्र अपमानानं तिथंच थबकला, आणि जाता जाता जे बोलायला नको होतं ते बोलून गेला.

"आमाले कायले बोलता वहिनी? आमी काय वाईट केलं त्याचं? गोपालले पाहा, किती जीव त्याचा याच्यावर. पोळ्यापासून चुना कमी करून देत होता याले."

"म्हणजे?"

मग धरमसिंगनं सांगितलं, आणि सांगताना त्याला वाटत होतं की तो गोपालची तारीफच करतोय. पोळ्याच्या सुमारास भीमराजच्या जिभेच्या कडेला फोड आला. ठेल्यावर गोपालनं मोबाईलचा उजेड पाडून तो बघितला. चुन्यानं पोळलं असेल म्हणाला. तेव्हापासून भीमराजचा खर्रा तो वेगळा बनवायचा, चुना अगदी नावाला लावून.

ममतानं फाटक लावून घेतलं. खराट्यानं अंगण घासलं, खाटेचा पाय घासला, पाणी निथळून गेलं तरी घासतच राहिली. भीमराज काहीतरी बोलत होता. अर्ध्या जिभेचं ते बोलणं तिला कळत नव्हतं, आणि त्या घटकेला कळून घ्यायचंही नव्हतं.

तशी ती लहानपणापासूनच तिखट. माहेर मारेगावकडचं. सातवीत असताना विहिरीवर कुणा पोरानं तिच्या आईला घालूनपाडून बोललेलं तिनं ऐकलं, तर त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बापापुढं उभं राहून, त्याला जसंच्या तसं पुन्हा बोलायला लावलं होतं. लग्न होऊन घाटंजीला आली तेव्हा सासऱ्यानं नुकताच चुना मारलेल्या भिंतीवर नवऱ्याच्या खर्‍याची लाल रेघ दिसली. नव्या नवरीनं कुणाला न विचारता तीच भिंत त्याच्याकडून पुन्हा रंगवून घेतली. भीमराज हसत हसत रंगवत होता. त्याला सगळ्याचंच हसू यायचं. स्लॅबच्या कामावर वीस माणसं त्याच्या बोलण्याच्या जोरावर दिवसभर राबायची. संध्याकाळी बसस्टँडजवळच्या गोपालच्या पानठेल्यावर त्याचा दरबार भरायचा. गोपाल त्याचा शाळेपासूनचा मैतर. ममता खर्‍यावरून भांडायची, तो कान धरायचा, दोन दिवस सोडायचा, तिसऱ्या दिवशी गाल पुन्हा फुगलेला. फोडाचं त्यानं तिला कधी सांगितलंच नाही. दाढ दुखते म्हणाला. भाकरीचा घास गिळवेना तेव्हा तिनं त्याला ओढत दवाखान्यात नेलं.

आजाराचं नाव कळलं तशी माणसं भेटायला येऊ लागली, आणि त्या भेटी मयतीला आल्यासारख्या होत्या. उंबऱ्यातच डोळ्याला पदर लागायचा. मग कुणाचा मामा असाच कसा गेला, कुणाच्या भासऱ्याला शेवटी पाणीसुद्धा कसं उतरेना, हे सगळं भीमराजसमोर बसून सांगायचं. तो ऐकत असायचा. जीभ गेली होती, कान शाबूत होते. पुण्याचा धाकटा दीर प्रफुल्ल रोज सकाळी मोबाईलवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायचा. खाली लिहिलेलं असायचं, हिंमत ठेवा. ऑपरेशनच्या वेळी त्याला सुट्टी मिळाली नाही. नणंद आली ती दाराजवळ खुर्ची ओढून बसली आणि ममताच्या लेकीला, वैष्णवीला, हळूच विचारू लागली की बाबांचं ताट-गिलास वेगळं ठेवता ना गं. ममतानं ते आतून ऐकलं. चहा घेऊन आली, नणंदेचा चहा संपेपर्यंत समोर उभी राहिली, आणि मग म्हणाली, "ह्याच गिलासात पेत होते ते, आपरेशनले जाईपर्यंत. कशी हाय चव?" नणंद त्याच पावली गेली ती परत आली नाही.

उपयोगाची निघाली ती फक्त शेजारची रुपीबाई. मूळची बंजारा तांड्यावरची म्हातारी, मराठी बोलताना निम्मे शब्द तिचे गोरबोलीतले. ती रोज ज्वारीची आंबील करायची, नळीतून जाईल इतकी पातळ, फडक्यातून गाळलेली, आणि भांडं ओट्यावर ठेवून निघून जायची. हिंमत ठेव म्हणून तिनं एकदासुद्धा म्हटलं नाही.

बादलीच्या प्रकारानंतर अंगणात कुणी फिरकेना. पहिले दोन दिवस ममताला हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी भीमराज भिंतीकडं तोंड करून झोपला तो उठेना. आंबील भरलेली सिरिंज घेऊन ती नळीशी गेली की तो हात झटकायचा. जिंदगीभर माणसांच्या घोळक्यात राहिलेला माणूस. दिवसा ती शाळेत, लेक बारावीच्या क्लासला, आणि हा घरात भिंतीशी. चौथ्या दिवशी त्यानं सिरिंजच उडवली. आंबील तिच्या साडीवर, चटईवर सांडली.

"मी काय करू मंग?" ती ओरडली. "तुमच्या उरावर बसून खाऊ देऊ त्यायले? तुमी ज्याच्यानं मरून राह्यले, तेच तुमच्या समोर घोटू देऊ?"

तो बोलला. घसा ताणून, लाळ गळत, बराच वेळ बोलला. त्यातलं तिला एक अक्षर कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, तो पुन्हा बोलला. मग चिडून त्यानं खाटेच्या लाकडावर मूठ आपटली आणि एकच शब्द काढला, तो मात्र लागला. "ओआल."

गोपाल.

ज्यानं फोड बघून चुना कमी केला तो गोपाल. आजाराचं नाव कळल्यापासून जो एकदाही उंबरा चढला नाही तो गोपाल. ममताच्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर आठवडी बाजाराचा दिवस होता. तिनं साडीसुद्धा बदलली नाही, आंबिलीच्या डागांसकट निघाली.

ठेल्यावर बाजाराची गर्दी होती. गोपाल अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. तिला येताना बघून त्यानं मान खाली घातली आणि कातरतच राहिला. ममता गिऱ्हाइकांच्या मधून जाऊन ठेल्याच्या फळीला टेकली. एरवी ती त्याला गोपालभाऊ म्हणायची, तुम्ही म्हणायची. त्या दिवशी नाही.

"पोळ्याच्या टायमाले त्याचं तोंड पाह्यलं होतं तू?"

एका गिऱ्हाइकानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"पाह्यलं होतं," गोपाल म्हणाला.

"अन् मंग चुना कमी केला."

"मले वाटलं पोळलं असन."

"चुना कमी केला. खर्रा बंद नाई केला."

"तो मागे, वहिनी. दोस्ताले नाई कसं म्हणू?"

"आता नाई मागून राह्यला तो. आता काहून आला नाई तू?"

गोपालच्या हातातला अडकित्ता थांबला. दोनदा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेलो, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. "कोणतं तोंड घेऊन येऊ मी त्याच्यासमोर?"

"हेच घेऊन ये," ममता म्हणाली. "पण धुऊन ये. खर्‍याचा एक कण दिसला तुह्या दातात, तं बाजाराच्या मधात उभा करीन तुले."

आणि तिथंच, सगळ्यांसमोर, तिनं पुढचं सांगून टाकलं. जखम भरली की नागपूरला किरणांचे शेक द्यायचे आहेत. सहा आठवडे तिथंच राहावं लागणार. पोरीची बारावी आहे, शाळेची चूल तिला सोडता येत नाही, सोडली तर दुसरी बाई उभीच आहे. भाऊ येणार नाही. तेव्हा जे रोज संध्याकाळी त्याच्या बोलण्यावर हसत बसायचे त्यांनी त्याच्याजवळ राहायचं. ही विनंती नव्हती. धरमसिंग गर्दीच्या मागं उभा होता, त्यानं सटकायच्या आधीच तिनं त्याचंही नाव घेतलं.

गोपाल त्याच संध्याकाळी आला. कडुनिंबाच्या काडीनं आणि मिठानं तोंड इतकं घासलं होतं की हिरड्यांतून रक्त आलेलं. ममतानं त्याला उंबऱ्यावर थांबवून तोंड उघडायला लावलं, आत वाकून बघितलं, वास घेतला. शेजारच्या बायका बघत होत्या. त्यानं काही कुरकुर केली नाही.

भीमराज भिंतीकडून वळला. गोपाल खाटेच्या कडेला टेकला. मग भीमराज काहीतरी बोलला. ममताला तो नुसता घशातला घरघराट वाटला.

"टाकला ना तुह्या कामावरचा स्लॅब," गोपाल लगेच म्हणाला. "बुधवारीच टाकला. पोट्टे पाणी मारून राह्यले. अन् नाई गळणार कुठं, तुह्या हातची सेंट्रिंग हाय."

भीमराज पुन्हा बोलला. गोपालनं त्याचंही उत्तर दिलं. दोघांचं बोलणं सुरू झालं ते थांबेचना. ममता सिरिंज हातात धरून उभीच राहिली.

"तुले कसं समजते?" तिनं विचारलं.

गोपालला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. "वहिनी, पंचवीस वर्षं तोंडात खर्रा धरूनच तं बोले हा माह्यासंग. असाच बोले."

ममताला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी घशाशी हसू आलं, त्या हसूचाच तिला अधिक राग आला. ती आत गेली आणि एक पातेलं उगाच आदळलं. बाहेर भीमराज हसत होता. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. त्या दिवशी त्यानं आंबिलीच्या दोन्ही सिरिंज गपचूप घेतल्या, गोपालच्या हातून.

नागपूरला दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत गोपाल राहिला. ठेल्यावर ताडपत्री बांधून गेला. शेकांनी भीमराजचं तोंड आतून सोलून निघालं, थुंकी गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. गोपाल नळीतून पाजायचा, टॉवेल धुवायचा, संध्याकाळी फोन लावून भीमराज काय म्हणतो ते ममताला सांगायचा. स्वतःचा खर्रा सुटल्यानं त्याचं डोकं फुटायचं. एकदा धर्मशाळेच्या जिन्यात बसून रडला, हे भीमराजनंच पुढं खाणाखुणांनी सांगितलं. गोपालला दोन दिवस घरी येता यावं म्हणून ममतानं धरमसिंगला पाठवलं. धरमसिंग दुसऱ्या दिवशीच एसटीत बसून परत आला. त्याला खर्‍यावाचून दोन दिवस निघाले नाहीत. ममता त्याच्या घरी गेली आणि त्याच्या बायकोसमोर त्याला एवढंच म्हणाली, की तुझ्यावर अशी पाळी आली तर मी माणसं शोधायला निघणार नाही. रुपीबाईनं त्याला गोरबोलीत जे सुनावलं ते ममताला कळलं नाही, पण ते अर्थातच जास्त लागलं.

प्रफुल्लही एका दुपारी नागपूरला येऊन गेला. प्रोटीनच्या पावडरीचा डबा दिला, भावाच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, माझा फायटर दादा. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. ममतानं शाळेच्या चुलीजवळ उभ्या उभ्या ते बघितलं. "फायटरले नळीतून रोज कोण पाजते, त्याचा बी फोटो टाका," असं लिहून ती ग्रुपमधून बाहेर पडली. प्रफुल्लचा फोन आला तो तिनं उचलला नाही. वैष्णवी म्हणाली, आई, काका आहेत ते. ममता म्हणाली, माहीत आहे.

शेक संपले. भीमराज घरी आला तेव्हा हाडंच राहिली होती, पण नाकातली नळी निघाली होती. वरण-भात कुस्करून, चमचा चमचा, तासभर बसून तो खायचा. ममता समोर बसायची. आता गोपालचं नाव तिच्या तोंडी जरा मऊपणानं येऊ लागलं होतं. गोपालभाऊ म्हणायचं तिनं अजून धरलं नव्हतं, पण ते ओठापर्यंत आलं होतं.

आणि त्याच आठवड्यात शाळेला जाताना तिला ठेला उघडा दिसला. ताडपत्री निघालेली. समोर पन्न्यांची माळ लटकलेली, सुपारीचा ढीग, तंबाखूचे डबे. बंदी असलेला माल फळीखाली असतो हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक.

ती आत वाकून म्हणाली, "हे काय?"

"पोट हाय वहिनी."

"दुसरं विक. बिस्किटं विक, पाणी विक. सहा आठवडे त्याचं तोंड धुतलं ना तू? पाह्यलं ना आत?"

"पाह्यलं," गोपाल म्हणाला. "पण मी नाई विकलं तं समोरचा विकते."

ममता तशीच शाळेला गेली. घरी येऊन तिनं भीमराजला बजावलं की गोपालचा पाय आता या घरात लागणार नाही. भीमराजनं ऐकून घेतलं. संध्याकाळी त्यानं धुतलेला शर्ट घातला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि काठी घेऊन बाहेर पडला. ममता मागं मागं गेली. तो सरळ ठेल्यावर गेला आणि आपल्या जुन्या जागी, फळीच्या उजव्या अंगाला, जाऊन उभा राहिला. गोपालनं आतली आपली खुर्ची उचलून बाहेर ठेवली.

ममता रस्त्याच्या पलीकडं उभी. त्यानं पन्नीकडं हात नेला असता तर तिनं त्याला तिथून फरफटत आणलं असतं. त्यानं हात नेला नाही. तो नुसता बसला, आणि बोलत राहिला, गोपाल ऐकत राहिला. तेवढ्यात मोटारसायकलवर दोन पोरं आली. एकानं तोंड उघडून मागणी केली आणि त्याची नजर भीमराजकडं गेली. आत ओढलेला गाल, वाकडा जबडा, गळ्यावरची काळी पडलेली कातडी, टॉवेलवर गळणारी लाळ. पोरानं मागितलेलं बदललं. पाण्याचा पाऊच घेतला आणि गाडी वळवली. मग एक मास्तर आले, तेही तसेच. मग कुणी दुरूनच बघून दुसऱ्या ठेल्याकडं वळलं.

हे रोजचं झालं. भीमराज रोज संध्याकाळी जायचा, कारण त्याला माणसं हवी होती, आणि माणसं त्याला बघून पांगायची. त्याला ते कळत नव्हतं असं नाही. तरी तो जायचा. गोपाल खुर्ची बाहेर काढायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला एका संध्याकाळी गोपाल भीमराजला घरी सोडायला आला आणि फाटकाशीच घोटाळला. अंगणातल्या नळावर त्यानं चूळ भरली, मग उंबऱ्यावर बसला.

"वहिनी, धंदा बसला माहा."

"बसू दे."

"लोकं म्हणते, याले घरी ठेव. हा असला की गिऱ्हाईक येत नाई."

"मंग सांग त्याले. तुह्याच तोंडानं सांग."

गोपालनं वळून आत भीमराजकडं बघितलं. "मी नाई सांगू शकत," तो म्हणाला.

ममतानं त्याला चहा दिला. फळीखालचा माल अजून तिथंच होता, तिला ते माहीत होतं, आणि तो चहा पिताना तिचा राग जसाच्या तसा होता.

जूनच्या तपासणीत डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हाही गोपालच सोबत जाणार, हे कुणी ठरवलं नाही, पण ठरल्यासारखंच आहे. धरमसिंग अलीकडं फाटकाबाहेरून राम राम करतो. ममता उत्तर देत नाही.

परवा रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर एक बाई तिला शोधत आली. जवळच्याच खेड्यातली जया, तिशीतली, चेहरा उतरलेला. तिच्या नवऱ्याला तेच निघालं होतं, जिभेलाच. रडत रडत ती विचारू लागली, ताई, तुम्ही हिंमत कशी धरली. बाजूच्या बायका ममतानं काही धीराचं बोलावं म्हणून वाट बघत थांबल्या.

ममतानं तिला रडू दिलं. मग पायात चपला सरकवल्या.

"हिंमत-फिंमत नंतर पाहू," ती म्हणाली. "कोणत्या ठेल्यावर बसे तो? अन् संग कोण कोण बसे? चाल, दाखव मले."